दाजीपूरची जंगल सफर : एकदा कराच

लांबच्या सहली आखण्याआधी कोल्हापूरकरांनी दाजीपूरचं जंगल बघावं. जीप साधी, रस्ता हाडं खिळखिळी करणारा, पण सोबतचा स्थानिक वाटाड्या म्हणजे सोनं. ओलं शेण बघून म्हणाला, "आत्ताच गेलाय बघा." पुढच्या वळणावर गव्यांचा कळपच! तुकतुकीत काळी पाठ, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. सावराईच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळ पठारावर, त्यानं इंजिन बंद करायला लावलं. बीपीच्या गोळ्या घेणारे आमचे बाबा तिथं कितीतरी वेळ गप्प बसले, आणि परतताना चक्क गुणगुणत होते.

प्रवेश फी देताना कुरकुरणाऱ्यांना एक सांगतो. १९५८ पासून राखलेलं हे रान पाऊस धरून ठेवतं, म्हणून भोगावती वाहते. शाहू महाराजांनी उभारायला घेतलेलं राधानगरी धरण तिच्यावरच आहे, आणि तेच पाणी पुढं पंचगंगेतून आपल्या उसाला मिळतं. त्या मानानं फी काहीच नाही.

मुक्कामाचं जेवण झकास, नाचणीची भाकरी तर लई भारी. फक्त प्रत्येक ताटाशेजारी प्लॅस्टिकची बाटली ठेवतात, ते अजिबात पटलं नाही. मालकांना तसं सांगितलंय. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. थंडीत जा, स्वेटर घ्या.