डब्यावर ‘ग्राफीन’ लिहिलंय, पण त्याला लावलंय काय?

आधी निकाल सांगते. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा, ग्राफीन ऑक्साइड म्हणजे त्याचं ऑक्सिजन जोडलेलं रूप, आणि सायलेन म्हणजे दोन पदार्थ सांधणारं सिलिकॉनयुक्त रसायन. सायलेन लावलेलं ग्राफीन ऑक्साइड घातलेला हा दोन भागांचा (रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर) इपॉक्सी प्रायमर, म्हणजे लोखंडावरचा गंजरोधक पहिला रंग, मी यंदा पुन्हा मागवलाय. साध्या इपॉक्सी प्रायमरच्या जवळपास दीडपट पैसे पडतात, तरीही.

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ आमचं फायबरच्या होड्यांच्या दुरुस्तीचं काम आहे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर बाबांच्या हाताखाली शिकत मी तेच पुढे चालवते. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या वर ओढलेल्या असतात, तेवढ्यातच इंजिनाखालचे लोखंडी पाट, शाफ्टचे ब्रॅकेट, सुकाणू हे सगळं खरवडून रंगवावं लागतं. खाऱ्या हवेत उघडं लोखंड रात्रभर ठेवलं तरी सकाळी त्यावर तांबूस फुलोरा येतो. म्हणून प्रायमरच्या बाबतीत मी फार चिकित्सक आहे.

याआधी ‘ग्राफीन’ असं ठळक छापलेला एक दुसरा डबा घेतला होता. नाव लिहीत नाही. डबा उघडून काठी घातली तर तळाशी घट्ट गोळा बसलेला. बराच वेळ ढवळून काचेच्या तुकड्यावर पातळ थर ओढला आणि उन्हात धरला, तेव्हा काळे ठिपके स्पष्ट दिसले. त्या कंपनीला फोन करून विचारलं, ‘ग्राफीनवर काही प्रक्रिया केलीय का?’ उत्तर आलं, ‘मॅडम, प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे.’ हे उत्तर ऐकून मला खरोखर राग आला, कारण प्रमाण जास्त असणं हीच इथे अडचण असते.

ग्रॅफाइट सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटने ऑक्सिडाइझ करून ग्राफीन ऑक्साइड बनवतात. हमर्स आणि ऑफमन यांची १९५८ची पद्धत थोड्याफार फरकाने आजही चालते. या अतिपातळ पापुद्र्यांच्या अंगावर हायड्रॉक्सिल आणि इपॉक्साइड हे ऑक्सिजनचे रासायनिक गट असतात, कडांना कार्बॉक्सिल. त्यामुळे ते पाण्यात सुरेख पसरतं, पण रेझिनमध्ये पापुद्रे एकमेकांना चिकटून गोळे होतात. गोळ्याभोवती रेझिन नीट भिजत नाही, बारीक फटी राहतात आणि पाणी तिथूनच आत शिरतं. म्हणजे ज्यासाठी जास्त पैसे मोजले, तेच गळकं.

म्हणून पापुद्र्यांवर रासायनिक प्रक्रिया हवी. अमिनोप्रोपिल ट्रायइथॉक्सी सायलेन हे सायलेन लावलं की त्याचं सायलेनचं टोक पापुद्र्यावरच्या हायड्रॉक्सिलला धरतं, दुसऱ्या टोकाचं अमाइन रेझिनमधलं इपॉक्सी वलय उघडून त्याला जोडलं जातं. पापुद्रा रेझिनमध्ये नुसता तरंगत राहत नाही, त्याचाच भाग होतो. पापुद्रे सुटे राहिले की पाण्याला आणि मिठातल्या क्लोराइडला प्रत्येकाला वळसा घालत लांबचा रस्ता काढावा लागतो. यासाठी वजनाने अर्धा टक्काही पुष्कळ होतो. त्यापुढे रेझिन दाट होतं आणि गोळे परत सुरू होतात. शिवाय शुद्ध ग्राफीन वीज वाहून नेतं, रंगाला ओरखडा पडला की तिथलं लोखंड उलट लवकर गंजू शकतं. ग्राफीन ऑक्साइड वीज जवळपास वाहत नाही, हा मोठा फायदा.

या प्रायमरच्या लोकांनी फोनवर सायलेनचं नाव, प्रमाण, हार्डनरचं गुणोत्तर सगळं न अडखळता सांगितलं आणि माहितीपत्रकही पाठवलं. काचेवरचा थर उन्हात एकसारखा तपकिरी-राखाडी दिसला, ठिपका नाही. मग लोखंडी पट्ट्या रंगवून त्यांवर मुद्दाम खिळ्याने फुली मारली आणि भरतीच्या रेषेखाली जेटीला बांधून ठेवल्या. हंगाम संपल्यावर काढल्या. साध्या इपॉक्सीच्या पट्टीवर फुलीच्या दोन्ही बाजूंनी रंग नखाने पोपड्यासारखा उचलला गेला, खाली लोखंड काळं-तांबडं. या प्रायमरच्या पट्टीवर गंज फुलीतच राहिला, कडेला नख शिरेना. एक तांडेलकाका शेजारी उभे होते, पट्टी हातात घेऊन म्हणाले, ‘बाय, माझ्या सुकाणूला ह्याच लाव.’ एका हंगामाचा अनुभव आहे, पाच वर्षांचा नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता तक्रारी. पावसाळी दमट हवेत पहिल्या हातावर हार्डनरमधल्या अमाइनचा मेणचट थर येतो. बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं. कोमट पाण्याने घासून, धुऊन, वाळवूनच दुसरा हात द्या, नाहीतर तो सुटतो. हे माहितीपत्रकात ठळक हवं होतं, नाहीये. उकाड्यात मिश्रण पटकन घट्ट होतं, तेव्हा थोडं थोडंच कालवा. उन्हात इपॉक्सी पांढरट पडते, त्यामुळे वरच्या भागावर पॉलियुरेथेनचा हात लागतोच. आणि तळाला चिकटणाऱ्या शिंपल्या-शेवाळाला हा प्रायमर रोखत नाही, त्यासाठी वेगळा रंग लागतो.

सगळ्यात जास्त खटकलं ते पॅकिंग. पाच लिटरच्या खाली मिळत नाही, आणि मिश्रणाचं प्रमाण फक्त इंग्रजीत. एका छोट्या होडीच्या लोखंडाला लिटरभर पुरतो. उरलेल्या हार्डनरचं झाकण इथल्या दमट हवेत महिन्याभरात गंजून बसतं. एक लिटरचा प्लास्टिकचा डबा आणि त्यावर मराठीत प्रमाण, असं काढा म्हणून मी त्यांना कळवलंय. तोवर दोघातिघांनी मिळून एक डबा घ्यावा, आणि कोणाचाही ‘ग्राफीन’ डबा घेताना आधी काचेवर थर ओढून उन्हात धरून बघावा.