इंक टँक प्रिंटर: आठ महिने आणि एक भरलेलं पॅड

गेल्या आठवड्यात दोन लाल दिवे आळीपाळीने लुकलुकायला लागले आणि प्रिंटर ठप्प. सर्व्हिसवाल्याने झाकणही उघडलं नाही. "साहेब, पॅड भरलं." चारही टाक्या निम्म्याहून जास्त भरलेल्या समोर दिसतायत, पण वाया गेलेली शाई पिणारं पॅड भरलं, असं आतल्या काउंटरला वाटलं की मशीन हात लावू देत नाही. स्कॅनरसुद्धा बंद. स्कॅनरचा आणि पॅडचा संबंध काय? वॉरंटीचं विचारलं तर "ते कंझ्युमेबलमध्ये येतं." पॅड आणि रीसेट मिळून चौदाशे. शाईची टाकी पारदर्शक करायचं सुचतं, मग सांडपाण्याची का नाही? काही मॉडेलांत तो डबा घरी बदलता येतो. घेणार असाल तर बाकी काही बघू नका, एवढंच बघा.

वायफाय, स्पीड वगैरे ठीक आहे. आवाज गिरणीसारखा.

मी हा घेतला आकाशदर्शनाच्या पत्रकासाठी. एक ए-फोर, मध्ये घडी, चार पानं. आत त्या महिन्याचा नकाशा, बाहेर मजकूर. लंडनच्या अक्षांशासाठी काढलेल्या तयार नकाशात अगस्त्य तारा नसतोच. आपल्याकडे मुंबईहून तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम १८ अंश वर येतो आणि लोक हमखास "तो कोणता?" विचारतात. म्हणून म्हटलं, आपला नकाशा आपणच काढू.

वाचक मिळवायला वेगळं मंडळ काढायची हौस नव्हती. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ १९८५ पासून. लोक ठिकठिकाणी आधीच जमतात. आपण सतरंजी घेऊन तिथे जायचं. पण पहिल्या खेपेला मी सतरंजी पसरलीच नाही. स्टेशनबाहेर क्लासच्या जाहिराती वाटणाऱ्या पोरासारखा गेटवर उभा राहिलो आणि साठ प्रती हातात कोंबल्या. सकाळी पोह्यांच्या बशांखाली माझंच आकाश. दोन रुपयांची एक प्रत! बारा स्वच्छ सापडल्या, त्या परत आणल्या.

दुसरी फजिती डिसेंबरात, मिथुनेच्या उल्कावर्षावाला. अंधाराला सरावलेले डोळे बिघडू नयेत म्हणून सगळे लाल टॉर्च वापरतात, हे मला काय माहीत नव्हतं? तरी क्रांतिवृत्त, म्हणजे ताऱ्यांमधून जाणारी सूर्याची वर्षभराची वाट, काळ्या आकाशावर निळ्या रंगात छापलं. लाल उजेडात निळी रेषा काळ्यात गायब. त्यात पहाटे तीनला दव पडलं आणि नकाशा बोटाला लागायला लागला. माझ्या मॉडेलची काळी शाई डायची, म्हणजे पाण्यात विरघळणारी, पिगमेंटची नाही. तेव्हा मी या प्रिंटरला एक तारा देऊन मोकळा होणार होतो.

त्याच रात्री मुरबाडकडचे एक शेतकरी आजोबा नातवाला घेऊन शेजारी येऊन बसले. नकाशाकडे ढुंकूनही न बघता म्हणाले, "मास्तर, मृग तर पावसाला लागतो. मग हा आत्ता थंडीत वर कसा?"

"आजोबा, जूनमध्ये मृग लागतो म्हणजे सूर्य मृगात जातो. त्याच्या उजेडात मृग दिसायचा कसा? सहा महिन्यांनी सूर्य पार समोरच्या बाजूला, म्हणून आता रात्रभर आकाशात."

ते थोडा वेळ गप्प. मग नातवाला म्हणाले, "बघ, पेरणीला हा दिसत नाही म्हणून शोधायचा नाही." आजूबाजूचे पाचसात जण सरकून जवळ आले. पुढच्या महिन्याच्या पत्रकात पहिल्या पानावर हाच प्रश्न, बाकी कौतुक काही नाही. जानेवारीपासून मी गेटवर उभा राहत नाही. बसतो, विचारलं तर सांगतो, निघताना लोक मागून घेतात. आता १४० प्रती लागतात आणि त्यातल्या बऱ्याच प्रश्नांसाठीच घेतात, नकाशासाठी नाही. हे जरा लागलंच मला.

आता पॅडचं खरं. सर्व्हिसवाला दुसऱ्यांदा आला तेव्हा जुने नकाशे चाळून म्हणाला, "कडेपर्यंत काळं छापता?" छापत होतोच. ए-फोर बॉर्डरलेस आहे म्हणून तर हे मॉडेल घेतलं. साध्या कागदावर ते मिळत नाही, म्हणून सेटिंगमध्ये मॅट पेपर सांगून मशीनला फसवायचो. त्यात शाई जास्त ओतली जाते, कडेबाहेर उडालेली पॅडवर जाते. काळ्यात पट्टे दिसले की वर हेड क्लीनिंग, म्हणजे शाई सोडून छापायची छिद्रं साफ करणं, तीही शाई पॅडलाच. म्हणजे आकाश काळं हवं ही माझी हौस पॅड प्यायलं. कंपनीवरचा राग निम्मा कमी झाला. स्कॅनरचा कायम.

एप्रिलपासून पांढऱ्यावर काळे ठिपके. शाई नगण्य, आणि लोक त्यावर पेन्सिलीने लिहितात! एका मुलीने समासात पाच-पाचच्या काड्या मारून उल्का मोजल्या आणि कागद मला परत दिला.

मेच्या प्रती चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून काढल्या. प्रत तीन रुपये, पण टोनर दवात फिसकटत नाही. तरी शनिवारी पॅड बसवून घेतलं. चौदाशेचे घासाघीस करून बाराशे. काउंटर शून्यावर आहे. आता प्रत्येक हेड क्लीनिंगची तारीख वहीत टिपून ठेवतोय.