मिस्टिकमधील दोन वर्ग: जहाज आणि तारांगण

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील मिस्टिक सीपोर्ट हे १९२९ साली स्थापन झालेले सागरी इतिहासाचे संग्रहालय आहे. तेथील 'जोसेफ कॉनरॅड' हे तीन डोलकाठ्यांचे जहाज १८८२ मध्ये कोपनहेगन येथे मुलांना खलाशी बनविण्यासाठीच बांधले गेले, आणि आजही उन्हाळी शिबिरातील मुले त्याच्या अरुंद बंकवर झोपतात, दिवसा नदीत लहान होड्यांवर शीड हाताळायला शिकतात. जहाज धक्क्याला बांधलेलेच असते; तरीही खलाशाच्या वाट्याला किती कमी जागा येत असे, हे एका रात्रीत उमगते.

याच संग्रहालयाच्या तारांगणातील सत्र त्यामानाने छोटे, पण बुद्धीला अधिक खाद्य देणारे आहे. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे साधारणपणे आपला अक्षांश. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंश व्यापते, म्हणजे मिस्टिकला ध्रुव चार मुठींवर आणि मुंबईला जेमतेम दोन मुठींवर. (हा प्रयोग आपल्या गच्चीवरही करता येतो.)

सहल एकाच दिवसाची असल्यास मी तारांगण निवडेन. आठवडा हाताशी असेल आणि मुलांना पाण्याचे भय नसेल, तर जहाजच.