तीन मडक्यांचा कंपोस्टर : दहा महिने वापरल्यावर

ओल्या कचऱ्याचं घरीच खत करायचा हा कंपोस्टर मार्चमध्ये घेतला, आता जानेवारी आहे. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी तिन्ही पाहून झाल्यामुळे लिहिते आहे. पहिल्या महिन्यातच लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, आणि जुलैमध्ये लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या.

घरात माणसं चार: मी, नवरा, सासूबाई आणि नववीतला मुलगा. फ्लॅट पुण्यात सिंहगड रस्त्याला, तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनी पूर्वेची, ऊन सकाळी दहापर्यंतच. ओला कचरा ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई रोज नेतच होत्या, त्यामुळे कचऱ्याची अडचण अशी नव्हती. सक्तीही नव्हती. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं, आमची इमारत त्यापुढे चिमुकली. मला खत हवं होतं, एवढंच. विकतचं पाकीटबंद खत एकदा छान भुसभुशीत निघायचं, तर पुढच्या वेळी निम्मी माती आणि वर दोन खडे.

वस्तू म्हणाल तर एकावर एक बसणारी तीन भाजलेली मडकी आणि वर झाकण. किंमत अडीच-तीन हजारांच्या घरात. वरच्या दोन मडक्यांना बूड नाही, दोरीची जाळी आहे. खालचं बंद. बाजूंना हवेची भोकं, त्यांवर बारीक जाळी. वरचं भरलं की ते मधे ठेवायचं आणि मधलं रिकामं वर घ्यायचं. दोन्ही भरली की मधल्यातला माल खालच्या मडक्यात मुरायला. रोजचं काम दोन मिनिटांचं: भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा (दूधसाखर धुऊन) टाकायचा, त्यावर तेवढंच कोरडं काहीतरी पसरायचं आणि दोन दिवसांनी एकदा खुरप्यानं ढवळायचं.

त्या ‘कोरडं काहीतरी’मध्ये सगळी गोम आहे. विकणारे ही गोष्ट एका ओळीत उरकतात.

स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र भरपूर आणि कार्बन कमी. खत नीट होण्यासाठी नत्राच्या पंचवीस-तीस पट कार्बन लागतो. भाजीच्या कचऱ्यात हे प्रमाण साधारण पंधरा-वीस पट असतं. उरलेला कार्बन वाळलेल्या पानांतून, भुशातून, कोकोपीटमधून (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणायचा. तो कमी पडला की कचरा सडतो, चिकट होतो आणि अमोनियाचा वास नाकात जातो. हे गणित कागदावर मांडत बसायची गरज नाही, एक वाटी ओलं तर एक भरगच्च वाटी कोरडं इतकं पुरतं. पण चार माणसांच्या घरात ती वाटी रोज कुठून आणायची?

सोबत एक पुडी मिळाली होती, कोकोपीटमध्ये जिवाणू मिसळलेली. ती तीन आठवड्यांत संपली आणि नवी मागवायला गेले तेव्हा हिशेब कळला. प्रिंटर स्वस्तात आणि शाई महाग, तशातली गत. नंतर मी ती घेतलीच नाही. आंबट ताक पाण्यात पातळ करून शिंपडलं आणि खालच्या मडक्यातलं ओंजळभर तयार खत विरजणासारखं वर घातलं, तरी काम तितकंच चाललं. कोकोपीटची पाच किलोची वीट मात्र ठेवली आहे घरात. भिजली की बादल्याच्या बादल्या भरतात.

एप्रिल-मे मजेत गेले. खालच्या रस्त्यावर सोनमोहर आणि पर्जन्यवृक्ष आहेत. त्यांची पानगळ म्हणजे आयती चाळलेली भुकटी, कापायला नको, कुस्करायला नको. झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवलं, त्या पोतं भरून ठेवायच्या. याउलट इमारतीच्या कडेनं लावलेल्या उभ्या अशोकाची पानं घेऊ नका. चकचकीत, चिवट, तीन महिन्यांनीही तशीच्या तशी निघतात. आंब्याच्या पानांचंही तेच. हापूसच्या कोयी टाकल्या होत्या हौसेनं. त्या अजून मडक्यात आहेत, गुळगुळीत होऊन. नारळाच्या शेंड्या मी आत टाकत नाही, कुंडीच्या तळाशी घालते. लिंबाची सालं चालतात, पण सरबताच्या दिवसांत ढीगभर एकदम नकोत.

मग पाऊस आला.

जूनच्या शेवटी पानं ओली, पोतं बुरसलेलं, कोकोपीट संपलेलं. वास सुटला. चिलटं तर झाकण उघडताच तोंडावर यायची. आणि एका सकाळी सासूबाईंनी हाक मारली, “अगं, इकडे ये आधी! हे काय चाललंय भिंतीवर?” मडक्यातून काळपट तपकिरी, बोटाच्या पेराएवढ्या, चपट्या, कडक अळ्या बाहेर पडून भिंतीवरून शिस्तीत वर निघाल्या होत्या. आत पाहिलं तर पांढुरक्या शेकडो. मडकं उचलून थेट कचऱ्याच्या गाडीत द्यावं असं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या होत्या, ब्लॅक सोल्जर फ्लाय म्हणतात ती. मोठी झालेली माशी चावत नाही, घरातल्या माशीसारखी अन्नावर घोंगावत नाही. अळ्या मात्र कचरा इतक्या वेगानं खातात की आदल्या दिवशीची कलिंगडाची सालं दुसऱ्या दिवशी शोधावी लागतात. कोशात जायची वेळ झाली की त्या अंधारी कोरडी जागा शोधत मडक्याबाहेर निघतात, भिंतीवरची मिरवणूक ती हीच. दोन-तीन दिवसांत साळुंक्यांना पत्ता लागला. सकाळी चहाच्या वेळेला त्या कठड्यावर हजर. एक जण अळी चोचीत धरून कठड्यावर आपटायची, दुसरी ती पळवायची. सासूबाईंचा राग तिथेच विरघळला. “साळुंक्या आल्या का गं?” ही मग रोजची चौकशी.

पण वासाचं काय? कोरडं हवंच होतं. इथून या कंपोस्टरनं आमच्या घरात जे केलं त्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

आमच्या माळ्यावर खोकी होती. टीव्हीचं, मिक्सरचं, जुन्या टीव्हीचं (टीव्ही २०१९ मध्ये गेला, खोकं होतं), इस्त्रीचं, मुलाच्या पहिल्या सायकलीचं. ‘वॉरंटीत परत द्यायचं झालं तर’ म्हणून ठेवलेली, आणि मग ‘घर बदललं तर’ म्हणून ठेवलेली. तपकिरी पन्हळी पुठ्ठ्यात कार्बन भरपूर आणि नत्र जवळजवळ नाहीच. चिकटपट्टी आणि पिना काढायच्या, बादलीत बुडवायचा, पाच मिनिटांत पापडासारखे थर सुटतात, ते हातानं फाडून टाकायचे. चकचकीत छपाईचा भाग रद्दीत. वर्तमानपत्रं मी घालत नाही. अन्न वर्तमानपत्रात बांधू नका असं एफएसएसएआय ही सरकारी अन्नसुरक्षा संस्था शाईमुळेच सांगते, मग त्याच शाईवर पुदिना कशाला वाढवा?

तर जुलै-ऑगस्टमध्ये मडक्यानं माळा खाल्ला. आठवड्याला एखादं खोकं. आधी जुन्या टीव्हीचं, मग बाकीची. नवऱ्याचा विरोध मिक्सरच्या खोक्यापाशी मावळला, कारण तोवर मिक्सरच बदलून झाला होता. वास आठवडाभरात गेला.

गंमत अशी, की खोकं खाली काढलं की त्यामागचं दिसतं. पंधरा वर्षांत दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत मी दर वेळी माळा ‘एकदाच सगळा’ काढायला घ्यायचे आणि संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा वर जायचं. या वेळी ठरवलं काहीच नव्हतं. एक खोकं, आणि त्याच्या मागची एक पिशवी. श्रीखंडाचे डबे निघाले, झाकणांसकट पस्तीसएक तरी असतील. त्यांना बुडाशी भोकं पाडून मेथी-कोथिंबिरीची रोपं लावली, उरलेले भंगारवाल्याला. सुती जुने परकर आणि धोतरं फाडून कुंड्यांत मातीवर आच्छादन म्हणून टाकली. ती ओलावा धरतात आणि चार-सहा महिन्यांत विरतात. पॉलिस्टर असेल तर नाही विरत, तेव्हा आधी एक धागा जाळून पाहा. जरीच्या साड्या बोहारणीला देऊन एक कढई आली, ती मात्र मला नको होती. आणखी एक भांडं घरात.

बाल्कनीतली व्यायामाची सायकल, जिच्यावर टॉवेल वाळायचे, ती पोत्याला जागा हवी म्हणून गेली. तिच्याबद्दल मी फार बोलणार नाही.

सगळ्यात मागून सासूबाईंचा भरतकामाचा पत्र्याचा डबा निघाला. आत रेशमाच्या लडी, लाकडी रिंग आणि टाक्यांचा नमुना म्हणून भरलेलं एक कापड: साखळी टाका, गहू टाका, काश्मिरी टाका, प्रत्येकाची एक ओळ. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बारीक दिसतं पुन्हा. दुपारी बाल्कनीतल्या मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतात. सध्या मुलाच्या जीन्सच्या खिशावर साळुंकी भरणं चाललंय. तो ती घालेल का, मला शंका आहे.

आता खताकडे. पहिलं खत जुलैच्या सुरुवातीला काढलं, अर्धवट होतं. पुठ्ठ्यानंतरचं, ऑक्टोबरातलं, खरं खत: काळंभोर, हातात दाबलं तर गोळा होतो आणि बोट लावलं की फुटतो, वास पावसाच्या पहिल्या सरीचा. जुन्या पिठाच्या चाळणीनं नव्हे, रेती चाळायच्या जाळीनं चाळा. कचऱ्याच्या वजनाच्या ढोबळ पाचवा हिस्सा खत मिळतं, जास्त अपेक्षा नको. एक भाग खत, दोन भाग लाल माती, थोडी निंबोळी पेंड, हे मिश्रण मला मानवलं. कढीपत्ता दोन वर्षं हट्ट धरून बसला होता, तो खत आणि आंबट ताकावर फुटला. पुदिना, गवती चहा, अळू जोरात. जास्वंदीला फरक नाही. तिला पिठ्या ढेकूण लागतो, आणि त्यावर खत हा उपाय नव्हे.

एवढ्या लहान मडक्यात ढिगासारखी उष्णता तयार होत नाही, त्यामुळे बिया मरत नाहीत. जिथे खत घालाल तिथे टोमॅटो, मिरची, पपई उगवणार. उपटायचा कंटाळा असेल तर हा दोषच धरा. मला त्यातून लाल भोपळ्याचा वेल मिळाला, ग्रिलवर चढला. आधी नुसतीच लांब दांड्याची नर फुलं आली, त्यांची डाळीच्या पिठात भजी केली. मग बुडाशी सुपारीएवढा भोपळा असलेली मादी फुलं. तिसऱ्या मजल्यावर मधमाशी क्वचित, म्हणून सकाळी सातच्या आत नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून परागकण हातानं लावायचे. मुलगा हे काम करतो आणि शाळेत सांगत नाही. एक भोपळा धरला, नारळाएवढा झाला. त्याचे घारगे झाले.

तक्रारी आहेत. मडकी जड आहेत. भरलेलं वरचं मडकं एकट्या बाईनं उचलू नये, कंबर धरते. एका मडक्याची कड अदलाबदलीत उडाली, तेव्हापासून झाकण तिरकं बसतं. बाहेरून पांढरे क्षार येतात, ते घासून जातात आणि परत येतात. मुलाच्या मते ते छान दिसतं. पावसात खालून पाणी पाझरलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळवणावर पडलं. जुनी परात खाली ठेवली, तिच्यातलं पाणी दहापट पातळ करून कुंड्यांना घालते. काकूंना पालकाची जुडी दिली, त्या आता बोलतात. थंडीत, पुण्याचा पारा दहापर्यंत उतरला की, मडकं जवळपास झोपतं. डिसेंबरमध्ये निम्मा कचरा मी पुन्हा ताईंना दिला.

मांसमच्छी नेमानं खाणाऱ्या घरात ती हाडं-काटे यात घालू नका, मांजरं येतात. दोघंच असाल आणि निम्मं जेवण बाहेरून येत असेल तर मडकं भरायला वर्ष लागेल. अंगण असेल तर पैसे घालवूच नका, खड्डा खणा. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातले लोक गच्चीवर निव्वळ पालापाचोळ्यातून माती करत आले आहेत, त्यांनी कुठं मडकी विकत घेतली? फ्लॅट, बाल्कनी, चार-पाच माणसं आणि रोजची ताजी भाजी, इतकं असेल तर हा उपयोगाचा.

घ्यायचाच असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर घेऊ नका. पुण्यात पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. तेव्हा दोन पोती सोनमोहराची पानं भरून, तोंड बांधून कोरड्यात ठेवा. मी या वर्षी तीन ठेवणार आहे, माळ्यावर आता जागा आहे. नव्या टीव्हीचं खोकं तेवढं वर आहे अजून. वॉरंटी सप्टेंबरपर्यंत आहे.