ईबेची मनी बॅक गॅरंटी: किती भरवशाची?

ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर बोली लावून वस्तू घेणाऱ्याला ‘मनी बॅक गॅरंटी’साठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, बहुतेक खरेदीवर ती आपोआप लागू होते. वस्तू आलीच नाही, मोडलेली आली किंवा वर्णनाशी जुळत नसली, तर रक्कम परत मिळवून देणारी ही सोय आहे, आणि जिथे विकणाऱ्याचा चेहराही घेणाऱ्याने पाहिलेला नसतो तिथे ती मोलाची आहे, यात वाद नाही. मात्र ती फसवणूक रोखत नाही. झालेली फसवणूक निस्तरते, आणि तेही खरेदीदाराने मुदत व कागदपत्रे सांभाळली असतील तरच.

मुदतीचा नियम सरळ आहे. वस्तू मिळाल्यापासून, किंवा ती मिळण्याच्या शेवटच्या अपेक्षित तारखेपासून, 30 दिवसांच्या आत तक्रार नोंदवावी लागते. त्यानंतर विक्रेत्याला कामाचे 3 दिवस मिळतात आणि त्याने दाद दिली नाही तर ईबेला मध्यस्थी करायला सांगता येते. मुरलेले ठक नेमकी हीच मुदत खाऊन टाकतात. ‘पार्सल कस्टममध्ये अडकले आहे’, ‘घरात आजारपण आहे, चार दिवस थांबा’ असे नम्र निरोप येत राहतात, किंवा ‘तुम्ही तक्रार मागे घ्या, मी लगेच पैसे पाठवतो’ अशी विनंती येते. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही, म्हणून पैसे खात्यात दिसेपर्यंत ती मागे घेऊ नये, विक्रेता कितीही सज्जन वाटला तरी.

या हमीचा खरा कच्चा दुवा ट्रॅकिंगमध्ये आहे. पार्सल मिळाले नाही अशी तक्रार आली की मुख्य पुरावा ठरतो तो कुरिअरच्या नोंदीतला ‘पोहोचले’ हा शेरा. त्यामुळे काही लबाड विक्रेते खरेदीदाराच्याच पिनकोडमधल्या एखाद्या भलत्याच पत्त्यावर रिकामे पाकीट पाठवतात. नोंद बिनचूक दिसते आणि खरेदीदार खोटा ठरतो. अशा वेळी ईबेशी वाद घालत बसण्याआधी कुरिअर कंपनीकडून पार्सलचे वजन आणि ते नेमके कोणत्या पत्त्यावर दिले याचा लेखी खुलासा मागवावा. समजा कॅमेरा मागवला असेल, तर त्यासाठी मोजलेले पैसे आणि काही ग्रॅमचे पाकीट यांतली तफावत मग वेगळी सिद्ध करावी लागत नाही. 750 डॉलर किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात पार्सल स्वीकारल्याच्या सहीचा पुरावा विक्रेत्याला द्यावा लागतो, हा नियम चांगला आहे; लहान रकमेच्या खरेदीला मात्र हे संरक्षण नाही.

चढवलेल्या बोलीपुढे तर ही हमी निरुपयोगीच आहे. विक्रेत्याचाच साथीदार खोट्या बोली लावून किंमत फुगवतो, वस्तू वर्णनाप्रमाणेच घरी येते, आणि जास्तीचे गेलेले पैसे कोणत्याच कलमात बसत नाहीत. ईबेचा नियम अशा बोलींना मनाई करतो, पण त्या ओळखणे बरेचसे आपल्याच नजरेवर असते. त्यासाठी बोलींचा इतिहास उघडून पाहावा. बोलीदारांची नावे तिथे तारका टाकून झाकलेली असतात, तरीही प्रत्येकाचा गेल्या 30 दिवसांचा गोषवारा दिसतो: एकूण बोली किती, त्यांतल्या याच विक्रेत्याकडे किती टक्के, आणि मागे घेतलेल्या बोली किती. जवळजवळ सगळ्या बोली एकाच विक्रेत्याकडे लावणारा आणि तरीही काहीच न जिंकणारा बोलीदार संशयास्पद समजावा. कोणी भरमसाट बोली लावून तुमची कमाल मर्यादा (तुम्ही आधी नोंदवलेली, जिच्यापर्यंत ईबे तुमच्या वतीने बोली वाढवते ती रक्कम) हुडकतो, ‘रक्कम चुकून टाकली’ म्हणत ती मागे घेतो आणि थोड्याच वेळात त्या मर्यादेच्या किंचित खाली दुसरी बोली येते, असे दिसले तर लिलाव सोडून द्यावा.

विक्रेत्याविषयी अभिप्राय देण्याची पद्धत 1996 पासून आहे आणि ती उपयोगाची आहे, पण चांगल्या अभिप्रायांचा नुसता टक्का फसवा असतो. शेकडो स्वस्त वस्तू विकून नाव कमावलेले खाते अचानक महागडी घड्याळे विकू लागले, तर जुने अभिप्राय कशाबद्दल होते ते वाचावे. 2008 पासून विक्रेत्यांना खरेदीदाराविषयी नकारात्मक अभिप्राय देता येत नाही, त्यामुळे सूडाच्या भीतीने गप्प राहण्याचे कारण उरलेले नाही. हा बदल मला या सेवेतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

लिलाव हरल्यावर ‘जिंकणाऱ्याने माघार घेतली, वस्तू तुम्हाला देतो’ असा ईमेल येतो. अशी दुसरी संधी देण्याची सोय ईबेवर खरोखरच आहे, म्हणून तर लोक फसतात. खरा प्रस्ताव ईबेवरील तुमच्या खात्याच्या संदेशांतही दिसतो; तिथे नसेल तर तो खोटा. थेट बँकेत किंवा गिफ्ट कार्डने पैसे मागणाऱ्याला नकार द्यावा, कारण संकेतस्थळाबाहेर दिलेल्या पैशाला ही हमी लागू होत नाही.

वाहने आणि स्थावर मालमत्ताही या हमीत येत नाहीत. तिथे एस्क्रो, म्हणजे वस्तू हाती येईपर्यंत रक्कम तिसऱ्याकडे ठेवण्याची व्यवस्था, वापरता येते. परंतु विक्रेत्याने पाठवलेल्या दुव्यावरून त्या संकेतस्थळावर जाऊ नये, कारण हुबेहूब दिसणारी बनावट एस्क्रो संकेतस्थळे ही या धंद्यातली जुनीच युक्ती आहे. सेवा आपण निवडावी, पत्ता स्वतः टाइप करावा, आणि विक्रेता ‘हीच सेवा हवी’ असा हट्ट धरू लागला तर व्यवहार तिथेच थांबवावा.