बेळगावातील एका वाणिज्य वकीलबाईंच्या सेवेविषयी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील आमच्या लहान फाउंड्रीचे 14 लाख 60 हजार रुपये कोल्हापूरकडच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्याकडे अडकले होते. फेब्रुवारी 2020 ते नोव्हेंबर 2021 या काळातील अकरा बिलांची ही बाकी होती. मार्च 2023 मध्ये मी फाइल घेऊन या वकीलबाईंकडे गेलो आणि जून 2025 मध्ये आमच्या बाजूने हुकूमनामा झाला. मधल्या सव्वादोन वर्षांत त्यांच्या कामाची जी पद्धत पाहिली, तिच्याविषयी आपल्या भागातील कारखानदार आणि व्यापाऱ्यांसाठी लिहीत आहे. त्यांनी स्वतःचे नाव छापू नये असे सांगितल्यामुळे ते येथे दिलेले नाही.

पहिल्या भेटीत त्यांनी पैशाविषयी एकही प्रश्न विचारला नाही. माझ्यासमोर सगळी बिले आणि चलने (माल पोचवल्याच्या पावत्या) तारखेप्रमाणे लावली आणि कोणत्या चलनावर समोरच्या कारखान्याच्या स्टोअरचा शिक्का व सही आहे, कोणत्यावर नाही, एवढेच पाहिले. तीन चलनांवर सही नव्हती. त्या मालाची ई-वे बिले आणि गाडीवाल्याची पावती शोधून आणल्याशिवाय वकीलपत्र घेणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तेव्हा मला ते कडक वाटले होते. वाणिज्य दाव्यात जवळची सगळी कागदपत्रे फिर्यादीसोबतच दाखल करावी लागतात आणि नंतर एखादा कागद आणायचा तर आधी का आणला नाही याचे सबळ कारण द्यावे लागते, हे पुढे कळले.

सर्वांत मोठा लाभ मुदतीच्या हिशेबात झाला. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी तीन वर्षांत दावा लावावा लागतो, एवढे मला माहीत होते. त्यामुळे फेब्रुवारी 2020 ची दोन बिले, मिळून 3 लाख 20 हजार रुपये, बुडाली असे समजून मी ती मनातून सोडून दिली होती. बाईंनी कॅलेंडर पुढे ओढले. कोविडमुळे 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2022 रोजी दिला होता. त्या हिशेबाने ही दोन्ही बिले अजून मुदतीत होती. माझा दुसरा गैरसमजही त्यांनी तिथेच दूर केला. दर महिन्याला व्हॉट्सअॅपवर तगादा लावत होतो, म्हणून मुदत वाढत असणार, असे मी धरून चाललो होतो. “मालक, तुम्ही शंभर वेळा मागितलंत म्हणून मुदत वाढत नाही. त्यानं एकदा लेखी कबूल केलं किंवा थोडे पैसे भरले, तर वाढते, आणि तेही मुदत संपायच्या आत,” हे त्यांचे शब्द मी आमच्या अकाउंटंटला लिहून दिले आहेत. आता दर मार्चअखेर आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाकडून बाकी मान्य असल्याचे सहीचे पत्र मागवतो.

सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्याखाली थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या परिषदेकडे जावे असे मला उद्यमबागेतील बऱ्याच जणांनी सुचवले होते. 45 दिवसांत पैसे न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते, त्यामुळे तो मार्ग ऐकायला फार गोड लागतो. बाईंनी आमच्या नोंदणीची तारीख पाहिली. ती 2021 च्या मध्यातील होती आणि आठ बिले त्याआधीची होती. नोंदणीनंतर पुरवलेल्या मालालाच त्या कायद्याचा लाभ मिळतो असा सर्वोच्च न्यायालयाचा 2021 मधील निकाल त्यांनी दाखवला आणि थकबाकीचे दोन तुकडे करून दोन ठिकाणी भांडण्यापेक्षा एकच वाणिज्य दावा लावावा असे सुचवले. त्या दाव्यांची किमान रक्कम 2018 च्या दुरुस्तीने एक कोटीवरून तीन लाखांवर आल्यामुळे आमच्यासारख्या लहान कारखान्याला ते दार उघडे झाले आहे. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थीचा प्रयत्न करावाच लागतो. समोरची मंडळी तिथे फिरकलीच नाहीत. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरला जात नाही, म्हणून मी निश्चिंत होतो.

न्यायक्षेत्राचा, म्हणजे दावा कोणत्या गावच्या न्यायालयात चालणार हा, मुद्दा आपल्या सीमाभागात प्रत्येकाच्या वाट्याला येतो. आमच्या बिलावर तळाशी बेळगाव न्यायालयाचा उल्लेख छापलेला होता, तर समोरच्या कारखान्याच्या खरेदी-आदेशावर कोल्हापूरचा. बिलावर आपण एकतर्फी छापलेली ओळ म्हणजे करार नव्हे, हे बाईंनी मला आधीच बजावले आणि या मुद्द्यावर दावा अडू शकतो हेही लपवले नाही. ऑर्डर आम्ही उद्यमबागेतून स्वीकारली होती आणि माल आमच्या दारातच त्यांच्या गाडीत भरला जात होता, या दोन गोष्टींवर त्यांनी दावा बेळगावात टिकवला.

त्यांच्या व्यावसायिक वाटचालीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण कामाची पद्धत तिथूनच आली आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन त्यांनी कायद्याचे शिक्षण बेळगावातच पूर्ण केले आणि पहिली दहा-बारा वर्षे एका ज्येष्ठ वकिलांकडे जमिनीच्या वाटणीचे दावे चालवले. हा भाग 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे अशा दाव्यांत जुने मोडी कागद निघत. दुसऱ्याने केलेल्या लिप्यंतरावर विसंबून उलटतपासणी कशी घ्यायची, या विचाराने त्या मोडी शिकल्या. अजूनही रविवारी त्या ओळखीच्या घरांतील जुन्या खतावण्या वाचून देतात, आणि जमाखर्चाची नोंद कोणत्या शाईत, कोणत्या ओळीनंतर आली, हे न्याहाळण्याची सवय त्यांना तिथेच लागली असावी असे मला वाटते. 2008 मध्ये उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ धारवाडला आल्यावर बंगळूरच्या रात्रीच्या गाडीऐवजी सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतके अपील जवळ आले आणि त्यांचे व्यापारी काम वाढले. कुमार गंधर्वांचा जन्म आपल्या सुळेभावीचा, हे त्या अभिमानाने सांगतात आणि संध्याकाळी गाण्याची बैठक असली, तर त्या दिवशी सातनंतर कोणालाही भेटत नाहीत.

समोरच्यांनी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, समन्स मिळाल्यापासून 110 व्या दिवशी दाखल केली. 120 दिवसांनंतर तो हक्कच जातो, त्यामुळे तोवर बाई शांतपणे दिवस मोजत होत्या. कैफियतीत कास्टिंगमध्ये ब्लो-होल (वायू अडकून पडलेल्या पोकळ्या) होते असा नवाच आक्षेप आला. तेव्हा त्या स्वतः फाउंड्रीत आल्या, साचा कसा बांधतात, रस कोठून ओततात, वायू कोठे अडकतो हे त्यांनी दोन तास उभे राहून पाहिले आणि मशिनिंग केल्यावरच हा दोष दिसतो की आधी, हे आमच्या मोल्डरला तीन वेळा विचारले. उलटतपासणीत त्यांनी समोरच्या खरेदी अधिकाऱ्याला एवढेच विचारले की मशिनिंग झाल्यावर नाकारलेल्या मालाचे परत चलन कोठे आहे. ते नव्हते.

आमचे मेसेज आणि संगणकातील लेजर पुराव्यात आणताना जुन्या पुरावा कायद्यातील कलम 65ब चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीचे, प्रमाणपत्र लागले, आणि माझ्या मुलाने तोपर्यंत फोन बदललेला असल्यामुळे जुना फोन माळ्यावरून शोधावा लागला. 1 जुलै 2024 पासून नव्या साक्ष्य अधिनियमाचे कलम 63 लागू आहे व त्यात तज्ज्ञाचीही सही लागते, म्हणून जुने फोन विकू नका असे मी सगळ्यांना सांगतो.

फिर्याद इंग्रजीत होती. सत्यतेच्या निवेदनावर सही करण्याआधी त्यांनी ती मला परिच्छेदागणिक मराठीत वाचून दाखवली आणि दोन ठिकाणी मी तारीख दुरुस्त केली. सीमाभागातील ज्या माणसाने कळत नसलेल्या भाषेतील कागदांवर आयुष्यभर सह्या केल्या आहेत, त्याला या एका तासाची किंमत समजेल.

उणिवाही आहेत. दिवसा त्या फोन घेत नाहीत आणि निरोपाला उत्तर कधी कधी दोन दिवसांनी येते. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. माझ्या वडिलांना तिथे नेणे शक्य झाले नाही. मसुदा तयार व्हायला पाच आठवडे लागले, तेही मला जास्त वाटले. फी मात्र टप्प्याटप्प्याने लेखी ठरली होती आणि तिच्यात एक रुपयाही वाढला नाही.

हुकूमनामा अंमलबजावणीसाठी कोल्हापूरच्या न्यायालयात पाठवावा लागला. तिथले वकील त्यांनीच सुचवले आणि सगळी फाइल अनुक्रमणिकेसह बांधून दिली. दरखास्तीची (अंमलबजावणीच्या अर्जाची) नोटीस गेल्यावर समोरच्यांनी हप्ते मागितले. तीन आले आहेत, दोन बाकी आहेत. दरम्यान आमच्या ऑर्डर-स्वीकृतीचा नमुना बाईंनी नव्याने लिहून दिला असून न्यायक्षेत्राच्या ओळीखाली आता गिऱ्हाइकाच्या सहीसाठी जागा आहे.