आरएसएसएसएफ : भारताच्या सुरुवातीच्या सामन्यांची रोजकीर्द

भारताचा फुटबॉल संघ स्वातंत्र्याच्या आगेमागे कोणाशी आणि कुठे खेळला, कोण कोण मैदानात उतरले, गोल कोणत्या मिनिटाला झाले, हे ज्याला गोष्टीवेल्हाळपणाशिवाय जाणून घ्यायचे आहे, त्याला मी आधी आरएसएसएसएफ या संकेतस्थळाकडे पाठवतो. पूर्ण नाव रेक स्पोर्ट सॉकर स्टॅटिस्टिक्स फाउंडेशन. इंटरनेटवर चर्चागटांचा काळ होता तेव्हा, जानेवारी १९९४ मध्ये, एका फुटबॉल चर्चागटातल्या आकडेवेड्यांनी ते सुरू केले आणि आजही ते जगभरातल्या हौशी संकलकांच्या बळावर चालते. वर्गणी नाही, नावनोंदणी नाही. या सेवेला मी पाचपैकी चार तारे देतो. पाचवा का कापला ते पुढे येईलच. पण या परीक्षणाचा मोठा भाग त्या चार ताऱ्यांविषयी आहे, कारण ते ज्या गुणासाठी दिले आहेत तोच गुण नव्या वाचकाला पहिल्या भेटीत दोष वाटण्याचा संभव आहे.

पान उघडल्यावर दिसतो तो टंकलेखन यंत्रावर उमटवल्यासारखा साधा मजकूर. छायाचित्र नाही, संघाचे बोधचिन्ह नाही, चित्रफीत तर नाहीच. तारीख, गाव, दोन संघ, निकाल, कंसात मध्यंतराचा निकाल आणि त्याखाली गोल करणाऱ्यांची नावे मिनिटांसह. काही सामन्यांखाली दोन्ही संघांतले अकरा-अकरा खेळाडू आणि पंचाचे नाव, काहींखाली फक्त निकाल. पानाच्या तळाशी संकलकाचे नाव, पान शेवटचे केव्हा सुधारले ती तारीख आणि योग्य श्रेय देऊन मजकूर वापरण्याची मुभा. पेढीवरच्या रोजकीर्दीत जसा जमाखर्च मांडतात तशी ही मांडणी आहे. मुनीम आपले मत समासात लिहीत नाही.

या कोरडेपणाचा फायदा काय, ते १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या पानावर चटकन कळते. ३१ जुलै १९४८ रोजी इलफर्डच्या मैदानावर स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सशी खेळला आणि १-२ असा हरला. आपल्याकडे या सामन्याची आठवण निघते ती बहुधा अनवाणी पायांची. अकरापैकी आठ जण बुटांशिवाय खेळले हे खरेच आहे, पण त्या एका तपशिलाने सामन्याचे बाकी सगळे झाकून टाकले आहे. गोलांची मिनिटे पाहा : फ्रान्सचा पहिला गोल तिसाव्या मिनिटाला, सारंगपाणी रामनची बरोबरी सत्तराव्या मिनिटाला, फ्रान्सचा निर्णायक गोल एकोणनव्वदाव्या मिनिटाला. म्हणजे एकोणीस मिनिटे हा संघ फ्रान्सच्या हौशी संघाशी बरोबरीत उभा होता आणि शेवटची शिट्टी वाजायला मिनिटभर उरले असताना हरला. त्यात भारताने दोन पेनल्टी दवडल्या होत्या, एक शैलेन मन्ना यांनी आणि दुसरी महावीर प्रसाद यांनी. हुकलेली पेनल्टी गोलांच्या ओळीत येत नाही, त्यामुळे ही माहिती दुसरीकडून जोडून घ्यावी लागते. मात्र ती जोडण्यासाठी लागणारा सांगाडा इथे पक्का मिळतो. कर्णधार टी. आव, म्हणजे नागा प्रदेशातून आलेले आणि मोहन बागानकडून खेळणारे तालिमेरेन आव, पुढे डॉक्टर झाले. संघाच्या यादीत त्यांच्या वाट्याला आद्याक्षर आणि दोन-तीन अक्षरांचे आडनाव एवढीच जागा येते. ती यादी वाचताना बंगळूर, कोलकाता आणि नागा टेकड्या एका रांगेत उभ्या राहतात, हे मात्र ज्याला नावे ओळखीची आहेत त्यालाच दिसेल.

१९५० च्या विश्वचषकाबाबत तर ही नोंदवही दंतकथेवर चांगला उतारा आहे. ब्राझीलला जाण्याची संधी भारताला मिळाली आणि संघ गेला नाही, एवढे सर्वांना ठाऊक असते. आणि ‘फिफाने अनवाणी खेळू दिले नाही म्हणून’ ही पुस्ती लगेच जोडली जाते. पात्रता फेरीच्या नोंदी पाहिल्या की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की भारत एकही सामना न खेळता पात्र ठरला होता, कारण गटातले ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स हे इतर संघ बाहेर पडले. मुख्य स्पर्धेत त्याचा गट स्वीडन, इटली आणि पॅराग्वे यांच्याबरोबर होता. माघारीमागे ऑलिंपिकला दिलेले झुकते माप, संघनिवडीवरचे मतभेद, सरावाला अपुरा वेळ आणि लांबचा प्रवास अशी कारणे सांगितली जातात, आणि बुटांची कथा ही सबब होती असे खुद्द मन्ना यांनी नंतर म्हटले होते. संकेतस्थळ यातले काही सांगत बसत नाही. ते फक्त माघारीची नोंद करते आणि पुढे जाते. पण पुढचेच ऑलिंपिक उघडा. १९५२ साली हेलसिंकीत भारताचे अनेक खेळाडू पुन्हा अनवाणीच उतरले, आणि थंडीत, ओल्या मैदानावर, युगोस्लाव्हियाकडून १-१० असे हरले. मध्यंतराला ०-५, ब्रँको झेबेकचे एकट्याचे चार गोल, आणि भारताचा एकमेव गोल अहमद खानचा, तोही अगदी शेवटी. त्यानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. म्हणजे भारतीय फुटबॉलच्या पायात बूट आले ते या पराभवाने. विश्वचषकाचा त्याच्याशी संबंध लावता येत नाही.

या दोन ऑलिंपिकांच्या मध्ये १९५१ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेचे पान आहे. ते छोटे आहे : इंडोनेशियाविरुद्ध ३-०, अफगाणिस्तानविरुद्ध ३-०, अंतिम सामन्यात इराणविरुद्ध १-०, गोल साहू मेवालालचा. तीन सामने, सात गोल, आणि भारताच्या जाळ्यात एकही नाही. सुवर्णपदक जिंकणाऱ्या या संघाची आणि सोळा महिन्यांनी दहा गोल खाणाऱ्या संघाची नावे शेजारी ठेवून पाहावीत असे मी सुचवीन, कारण त्यांतली बरीच तीच आहेत.

हे पान शेजारी ठेवणे हीच या सेवेची खरी वापरपद्धत आहे. पन्नासचे दशक म्हणजे भारतीय फुटबॉलचे सुवर्णयुग, असे आपण एका दमात म्हणून टाकतो. निकाल तारखांच्या क्रमाने वाचले तर ते दशक पुष्कळ खडबडीत होते असे दिसते. १६ सप्टेंबर १९५५ रोजी मॉस्कोत सोव्हिएत संघाकडून १-११ असा पराभव. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियावर ४-२ असा विजय आणि लगेच १२ डिसेंबरला सिडनीत त्याच देशावर ७-१. पंधरा महिन्यांच्या अंतरात भारताच्या सर्वांत मोठ्या पराभवाची आणि सर्वांत मोठ्या विजयांपैकी एकाची नोंद आहे. सय्यद अब्दुल रहीम यांच्या प्रशिक्षणाचे कौतुक करायचे तर ते या चढउतारांसकट करायला हवे, आणि तसे केले तर ते अधिक वजनदार होते.

मेलबर्नच्या पानावर मराठी आणि गोमंतकीय वाचक थोडा जास्त वेळ थांबेल. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या त्या सामन्यात नेव्हिल डिसोझाने नवव्या, तेहतिसाव्या आणि पन्नासाव्या मिनिटाला गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. मूळचा गोव्यातल्या आसगावचा, खेळला मुंबईत, टाटा स्पोर्ट्स आणि कॅल्टेक्सकडून. उपांत्य सामन्यात त्याने युगोस्लाव्हियाविरुद्धही बावन्नाव्या मिनिटाला भारताला आघाडी मिळवून दिली होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते, कारण सामना ४-१ असा हरल्यावर त्या गोलाची आठवण कोण ठेवणार? इथे तो गोल त्याच्या मिनिटासह जागेवर आहे. त्याच्या पुढची ओळ पाहिली की जीव थोडा हळहळतो : चौपन्नाव्या मिनिटाला युगोस्लाव्हियाची बरोबरी आणि सत्तावन्नाव्याला आघाडी. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या वाटेवर भारत पुढे होता तो जेमतेम दोन मिनिटे. वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर आज जी मुले खेळतात त्यांच्या प्रशिक्षकांनी ही दोन सामन्यांची नोंद छापून भिंतीवर लावायला हरकत नाही. याच संकेतस्थळाच्या देशांतर्गत विभागात रोव्हर्स कप, ड्युरँड कप आणि संतोष ट्रॉफीच्या विजेत्यांच्या याद्याही आहेत. मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स गाजवणारी हैदराबाद सिटी पोलिसांची १९५० ते १९५४ ही सलग पाच वर्षांची ओळ पाहिली की राष्ट्रीय संघात हैदराबादची इतकी नावे का आली, याचे उत्तर मिळते.

आता पाचव्या ताऱ्याविषयी. खेळाडूचे नाव टाकले आणि त्याचे सगळे सामने समोर आले, अशी सोय इथे नाही. स्पर्धा आणि साल आपल्याला आधी माहीत असावे लागते. मग देश, स्पर्धा, वर्ष अशा पायऱ्या उतरत जायचे. भारतीय नावांचे स्पेलिंग एका पानावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे असू शकते, कारण संकलक वेगळे आणि त्यांनी वापरलेली वर्तमानपत्रेही वेगळी. फोनवर वाचायला गेलात तर ओळी मोडून रकान्यांचा गोंधळ होतो. ही पाने संगणकाच्या रुंद पडद्यासाठी केलेली आहेत आणि तिथेच वाचावीत. या उणिवा मला त्रासदायक वाटतात, पण घातक वाटत नाहीत. एका सशुल्क क्रीडा-माहिती अ‍ॅपची वर्गणी मी भरून पाहिली होती. रंगीत आलेख होते, सूचना येत होत्या, आणि १९५६ च्या मेलबर्न सामन्याखाली केवळ ‘४-२’ एवढेच होते. गोल कोणी केले याचा पत्ता नाही. त्यापेक्षा हा करडा मजकूर कितीतरी बरा.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी, आणि ती केवळ या संकेतस्थळापुरती नाही. ‘भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना’ कोणता, या प्रश्नाचे उत्तर तुम्ही अधिकृत कशाला म्हणता यावर अवलंबून आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ १९३७ साली स्थापन झाला आणि फिफाचे सदस्यत्व मिळाले ते १९४८ साली. पण त्याआधीच, १९३८ मध्ये, करुणा भट्टाचार्य यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला होता आणि तिथे पाच कसोटी सामने खेळला होता. ऑस्ट्रेलिया ते सामने आपल्या पूर्ण आंतरराष्ट्रीय सामन्यांत धरते. ३ सप्टेंबर १९३८ रोजी सिडनीत ३-५ अशी हार, ब्रिस्बेनमध्ये ४-४ अशी बरोबरी, न्यूकॅसलमध्ये ४-१ असा विजय, पुन्हा सिडनीत ४-५ आणि शेवटी मेलबर्नमध्ये १-३. सिडनीच्या त्या दुसऱ्या सामन्यात भारताच्या लम्सडेनने हॅट्ट्रिक केली. स्वातंत्र्याआधीचे सामने धरले तर नेव्हिलच्या अठरा वर्षे आधी. अँग्लो-इंडियन नावेही असलेला हा संघ ‘आपला’ धरायचा की नाही, यावर वाद घालणारे घालोत. माझ्या मते, पाच सामन्यांत सोळा गोल करणाऱ्या संघाला केवळ कागदपत्रांच्या तारखेवरून यादीबाहेर ठेवणे हा शुद्ध कारकुनी हिशेब झाला. यादी कोणतीही वाचा, ती १९३८ पासून सुरू होते की १९४८ पासून, हे आधी पाहा; नाहीतर एकूण सामने, एकूण विजय, सर्वाधिक गोल असे सगळे आकडे दोन ठिकाणी दोन दिसतील आणि दोष निष्कारण संकलकाला लागेल.

ज्यांना या १९३८ च्या दौऱ्यात अधिक रस असेल त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची ‘ट्रोव्ह’ ही सेवा जोडीला घ्यावी. तीही विनामूल्य आहे. त्या काळची ऑस्ट्रेलियन वर्तमानपत्रे तिथे पानापानाने वाचता येतात आणि शोधाची सोयही उत्तम आहे. आरएसएसएसएफवरून तारीख आणि गाव घ्यायचे, ट्रोव्हमध्ये दुसऱ्या दिवशीचा अंक काढायचा, असा क्रम ठेवला तर निकालाच्या एका ओळीला हवामान, प्रेक्षक आणि चुकलेले पास येऊन मिळतात. १९४८ च्या इलफर्डसाठी ब्रिटिश वर्तमानपत्रांच्या संग्रहात असेच करता येते, फक्त तिथे बरेचदा पैसे मोजावे लागतात. मुंबईच्या आणि गोव्याच्या जुन्या वर्तमानपत्रांबाबत अशी घरबसल्या सोय सहजासहजी मिळत नाही. नेव्हिलच्या मेलबर्नमधल्या गोलांविषयी इथल्या मराठी दैनिकांनी डिसेंबर १९५६ मध्ये काय छापले हे पाहायचे असेल, तर एखाद्या जुन्या ग्रंथसंग्रहालयात जाऊन बांधीव अंक मागवावे लागतील.